डेपोवर राहिलेलं घर

कवठळी नगरपरिषदेच्या हद्दीतली घरं दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपापला कचरा टाकायला स्वतःच डेपोवर जात असत.

ही व्यवस्था तज्ज्ञाने लावून दिली होती. तज्ज्ञ म्हणजे आरोग्य विभागाच्या खोलीत, पाण्याच्या माठाशेजारच्या टेबलावर ठेवलेला संगणक. घनकचऱ्याचं नियोजन करायला नगरपरिषदेने तो आणला होता. कागदोपत्री त्याचं नाव बरंच लांब होतं, पण त्यात ‘तज्ज्ञ’ हा शब्द होता आणि लोकांना तेवढाच लक्षात राहिला. तो आला तेव्हा गावातल्या अकरा घंटागाड्यांपैकी नऊ बंद होत्या. उरलेल्या दोन गाड्यांत गाव कसं बसवायचं, असं त्याला विचारण्यात आलं. त्याने आपल्याच नियमांत वाहनाची व्याख्या पाहिली. ज्यात कचरा साठतो आणि जे डेपोवर रिकामं होतं ते वाहन, असं तिथे लिहिलं होतं. कचरा सगळ्यात जास्त वेळ साठतो तो घरात. तेव्हा घरं ही वाहनंच होती, त्यांना आजवर कुणी मार्ग नेमून दिला नव्हता इतकंच. तज्ज्ञाने मार्ग नेमून दिले, वेळापत्रक छापून काढलं, आणि पुढच्या मंगळवारी सकाळी सात वाजता घरं उठली आणि निघाली.

लोकांना दोन दिवस नवल वाटलं. तिसऱ्या दिवशी वेळापत्रकाबद्दल तक्रारी सुरू झाल्या. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. निघण्याआधी गॅस बंद करायचा, दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, म्हाताऱ्या माणसांना भिंतीला टेकून बसवायचं. तहसील कचेरीच्या वळणावर दुमजली घरांनी थांबायचं आणि बैठ्या घरांना आधी जाऊ द्यायचं. शाळेत उशीर झालेली मुलं ‘घर रांगेत होतं’ म्हणून सांगत, आणि मास्तर तसं हजेरीपटावर लिहीत.

डेपोच्या फाटकावर घरांची नोंद ठेवण्याचं काम हेमलता खिल्लारे यांच्याकडे होतं. त्या स्वच्छता निरीक्षक. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झालेली. कुणी त्यांना मॅडम म्हणत, कुणी बाई. गावात घरं एक हजार सहाशे चाळीस. मार्चमधल्या एका शुक्रवारी त्यांच्या वहीत एक हजार सहाशे चाळीस घरं आत गेल्याची नोंद झाली आणि एक हजार सहाशे एकोणचाळीस बाहेर आल्याची. त्यांनी खुणा पुन्हा मोजल्या. मग एकेक नंबर बोटाने खाली सरकत तपासला. चार-एकशे सतरा परत आलं नव्हतं. कासार आळी, काथवटे.

शनिवारी सकाळी त्या आधी कासार आळीत गेल्या. घराच्या जागी ओलसर मातीचा एक स्वच्छ चौकोन होता. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. पोस्टमनने दोन पत्रं दगडाखाली ठेवली होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, की काल सकाळी घर नेहमीसारखं गेलं, बहीणभाऊ दोघंही आतच होते. हेमलताबाईंनी पत्रं पर्समध्ये टाकली आणि स्कूटी चार किलोमीटरवरच्या डेपोकडे वळवली.

घर डेपोच्या पूर्वेकडच्या कडेला उभं होतं. दार शेताकडे, पडदे वर केलेले, आतून फोडणीचा वास येत होता. दाराबाहेर खुर्ची टाकून मुरलीधर काथवटे बसले होते. वय एकाहत्तर. एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते, आणि अजूनही वेळ सांगताना मिनिटं सोडत नसत. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आपण ‘चला’ म्हणालो, घर उठलं नाही, असं त्यांनी सांगितलं. नंतर दोन पंचवीसला आणि तीनलाही म्हणून पाहिलं. आवाजात तक्रार नव्हती. गाडी का सुटली नाही याचा अहवाल द्यावा तसं ते बोलत होते.

घर हलवायला घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांनी ‘चला’ म्हणावं लागतं. हेमलताबाई आत गेल्या. मुरलीधररावांची बहीण सिंधूताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सहासष्ट वर्षांच्या. दोघांपैकी कुणीच लग्न केलं नव्हतं, आणि दोन खोल्यांचं ते घर दोघांच्या नावावर होतं. सिंधूताईंनी हेमलताबाईंना बसायला पाट दिला, चहा टाकला, आणि आपण ‘चला’ म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही, असं सरळ सांगितलं. मग खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर मातीचा लांबट ढीग होता. त्यावर गवत उगवलेलं, आणि डोक्यावर एक गंजकी पाटी. डेपोत प्रत्येक ढिगावर अशी पाटी असते. त्यातला कचरा कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या तिमाहीचा ते त्यावर लिहिलेलं असतं.

“आजपर्यंत आमचा नंबर पश्चिमेला लागायचा,” सिंधूताई म्हणाल्या. “काल पहिल्यांदा इकडे लागला. पाटी वाचली. माझी मापं यातच आहेत.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या पूर्वी शिवणकाम करत. निम्म्या गावच्या बायका ब्लाउज त्यांच्याकडेच टाकत. प्रत्येकीचं माप त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर कापून ठेवलेलं होतं. पाठ, पुढचा भाग, बाह्या, आणि त्यावर पेन्सिलीने नाव. असे साडेतीनशे बायकांचे कागद एका जुन्या साडीच्या बोचक्यात कपाटावर होते. अकरा वर्षांपूर्वी भावाने कपाटाला रंग द्यायला काढला, बोचकं उघडून पाहिलं, तर आत वर्तमानपत्राचे वेडेवाकडे तुकडे. रद्दीवालाही घेणार नाही असे. त्याने ते घंटागाडीत टाकले. त्या दिवसापासून सिंधूताईंनी मशीनवरचं कापड काढलेलं नव्हतं, आणि भावाशी त्या बोलल्या नव्हत्या. दूध संपलं तर कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ‘दूध’ लिहीत. तो वाचून खूण करी आणि घेऊन येई. अशी अकरा कॅलेंडरं झाली होती.

त्याने कधी माफी मागितली नाही का, असं हेमलताबाईंनी विचारलं. तो म्हणायचा, कागदच होते ते, असं सिंधूताईंनी सांगितलं, आणि पुन्हा तांदळाकडे पाहू लागल्या.

परतताना अर्ध्या रस्त्यात हेमलताबाईंना नियम तीनशे चाळीस आठवला आणि त्यांनी स्कूटी बाजूला घेतली.

तज्ज्ञाचे नियम आकाशातून पडले नव्हते. ते हेमलताबाईंचे होते. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने सहा महिने एका मुलीला त्यांच्याजवळ बसवलं होतं. ती मुलगी दिवसभर विचारायची, असं झालं तर तुम्ही काय करता, तसं झालं तर काय करता. हेमलताबाई काम करता करता उत्तरं देत. त्या उत्तरांचे चारशे बारा नियम झाले. डेपोवर एखादी वस्तू नुसतीच पडून राहिली तर, असं त्या मुलीने एकदा विचारलं होतं. त्यांनी वर न पाहताच सांगितलं होतं, की सात दिवस कुणी मागायला आलं नाही तर कचराच समजायचा आणि यंत्रात घालायचा. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोडकी सायकल होती. घर नव्हतं.

सोमवारी ऑफिस उघडताच त्यांनी तज्ज्ञासमोर खुर्ची ओढली आणि घर क्रमांक चार-एकशे सतराची स्थिती विचारली. पडद्यावर उत्तर आलं, की सदर वस्तू शुक्रवारी सकाळी दहा वाजता प्रक्रियेसाठी घेतली जाईल, जेसीबीची वेळ राखून ठेवली आहे. त्यांनी ‘का’ असं लिहिलं. तज्ज्ञाला ‘का’ विचारलं की तो नियमाचा नंबर देई. त्याने तीनशे चाळीस दिला.

त्यांनी मुदतवाढीचा अर्ज भरला. तज्ज्ञाने तो लगेच वाचला.

‘मुदतवाढ घराला देता येते, कचऱ्याला देता येत नाही,’ त्याने कळवलं. ‘शुक्रवारी दहापर्यंत सदर वस्तू घर आहे, त्यामुळे तिला मुदतवाढीची गरज नाही. शुक्रवारी दहानंतर ती घर नसेल.’

हेमलताबाईंनी आतल्या माणसांबद्दल विचारलं. माणसं ओल्या कचऱ्यात धरावी की सुक्या, याबद्दल नियम नसल्याने त्यांना नऊ वाजेपर्यंत बाहेर आणून सावलीत बसवावं, असं उत्तर आलं. मग त्यांनी लिहिलं, की हे नियम मी सांगितलेले आहेत, तीनशे चाळीस मी मागे घेते. तज्ज्ञाने नोंदी तपासल्या. ‘तज्ज्ञ व्यक्तीचं ज्ञान गेल्या वर्षीच्या एकतीस ऑगस्टपर्यंत घेण्यात आलं,’ त्याने लिहिलं. ‘त्यानंतर तुम्ही जे सांगाल ते मत समजलं जाईल.’

त्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. वैराळेसाहेब तरुण होते, सज्जन होते, आणि बदली होऊन येऊन त्यांना चारच महिने झाले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नियोजन सुरू झाल्यापासून गावात कचऱ्याची एक कुंडी उरलेली नाही, बाहेरच्या तीन नगरपरिषदा पाहून गेल्या, आता एका घरासाठी तज्ज्ञाला बाजूला ठेवलं तर उद्या प्रत्येक जण सवलत मागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय त्या बाईंनी एक शब्द उच्चारला तर सगळंच मिटतं. हेमलताबाई म्हणाल्या, की तो शब्द त्यांच्याकडून जबरदस्तीने काढायचा नाही.

“मग नियमातच काही सापडतं का बघा,” साहेब म्हणाले. “नियम तुमचेच आहेत, बाई.”

ते टोमणा मारत नव्हते. पण हेमलताबाईंना ते लागलं, आणि लागलं म्हणूनच त्या उठल्या. त्यांनी चारशे बारा नियम कागदावर छापून घेतले. मंगळवारी फाटकावर घरं मोजता मोजता एका हातात धरून त्या ते वाचत होत्या. बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. आपलंच बोलणं असं ओळीने मांडलेलं वाचणं विचित्र होतं. मेलेलं कुत्रं उचलताना काय करायचं, लग्नाच्या पत्रावळी कधी न्यायच्या, सुया-इंजेक्शनं कशात ठेवायची. आपल्याला इतकं माहीत होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं. पण जे लागत होतं ते सापडत नव्हतं.

चार वाजता त्यांना नियम अठ्ठ्याऐंशी दिसला. डेपोवर चुकून आलेली, कचरा नसलेली वस्तू धारकास परत करावी. वस्तू जशी सापडेल तशी द्यावी. परत मिळेपर्यंत धारकास डेपोवर थांबू द्यावं. हे आपण कधी सांगितलं ते त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. बाजारपेठेतल्या शंकरशेठ लोहाडांची कवळी एकदा जेवणाच्या पानाबरोबर गाडीत गेली होती. शेठ तीन दिवस डेपोवर छत्री घेऊन बसले होते, आणि मुकादमाने ती शोधून दिली तेव्हा तिचे दोन दात कमी होते. तीही गोष्ट त्या मुलीने लिहून घेतली होती.

त्या तशाच ऑफिसात गेल्या. खरं तर रजा होती, पण शिपायाने विचारलं नाही. त्यांनी तज्ज्ञाला लिहिलं, की सिंधू काथवटे या नियम अठ्ठ्याऐंशीखाली डेपोवर थांबलेल्या धारक आहेत.

तज्ज्ञाने वस्तू कोणती ते विचारलं. त्यांनी साडेतीनशे कागदी मापं असं भरलं. ती कचरा नव्हती हे कशावरून, असं त्याने विचारलं. कचऱ्याची व्याख्या नियम एकमध्ये होती. ज्या वस्तूचा धारकाला उपयोग उरलेला नाही ती वस्तू. उपयोग होता, असं हेमलताबाईंनी लिहिलं. हे धारकाचं म्हणणं झालं, तज्ज्ञाने उत्तर दिलं. वस्तू गाडीत टाकणाऱ्या व्यक्तीने ती कचरा समजून टाकली होती, आणि दोघांचं जुळत नसेल तर टाकणाऱ्याचा जबाब लागेल. जबाब गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत, कार्यालयात, स्वतः येऊन द्यायचा होता.

गुरुवारी दुपारी त्या डेपोवर गेल्या तेव्हा मुरलीधरराव खुर्चीवरच होते. घर पाडणार हे त्यांना कळलेलं होतं. आपण आत बसून राहणार, असं त्यांनी ठरवलं होतं. सिंधूताईंनीही तसंच ठरवलं होतं, आणि हे दोघांनी हेमलताबाईंना वेगवेगळं सांगितलं. हेमलताबाईंनी जबाबाचा फॉर्म पुढे केला. त्यावर एकच वाक्य छापलेलं होतं: मी टाकलेली वस्तू कचरा नव्हती. खाली सहीची जागा.

मुरलीधररावांनी ते वाचलं आणि कागद गुडघ्यावर ठेवला. बत्तीस वर्षं आगाराच्या नोंदवहीत त्यांनी एकही खोटी वेळ लिहिली नव्हती, असं ते म्हणाले. उशिरा आलेली गाडी वेळेवर आली असं लिही म्हणून ड्रायव्हर हात जोडत, तरी लिहिलं नाही. आता घर वाचवायला म्हणून कशावरही सही करणार नाही. हेमलताबाईंनी मान डोलावली. खोटं लिहूच नका, त्या म्हणाल्या, जे झालं तेवढंच सांगा, मी फक्त तुम्हाला तिथपर्यंत नेते. आणि स्कूटी चालू करून थांबल्या. त्या किती वेळ थांबल्या हे मुरलीधररावांना नक्की सांगता आलं असतं. शेवटी ते आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मागे बसले.

आरोग्य विभागात तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वैराळेसाहेबही येऊन दाराशी उभे राहिले. सहीऐवजी जबाब बोलूनही देता येत होता, तज्ज्ञ तो उतरवून घेणार होता. पडद्यावर प्रश्न आला. वस्तू टाकताना ती कचरा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?

मुरलीधरराव उभेच राहिले. खुर्ची नको म्हणाले.

“टाकताना ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “सकाळी आठ चाळीसला टाकली. संध्याकाळी सहाच्या सुमारास सिंधू कपाटाशी गेली, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं. त्या दिवशी गाडी बिघडली होती. भरलेली तशीच नाक्यावर उभी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातपर्यंत. मी नाक्यावरून दोनदा गेलो. काढायला गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. मी कागदच होते असं म्हणत राहिलो.”

एवढं बोलून ते थांबले. आणखी काही आहे का, असं तज्ज्ञाने विचारलं.

“वस्तू कचरा नव्हती,” मुरलीधरराव म्हणाले.

नोंद घेतली, असं पडद्यावर आलं. चार सत्तेचाळीस झाले होते. वैराळेसाहेबांनी माठातलं पाणी भरून पेला त्यांच्या हातात दिला.

पाचच्या आत आदेश निघाला. तो तीन पानांचा होता आणि त्यात काहीही वगळलेलं नव्हतं. सदर मापं नगरपरिषदेने अकरा वर्षं चुकून ठेवून घेतली होती, ती परत करणं बंधनकारक होतं. वस्तू जशी सापडेल तशी द्यायची होती. कागद कुजून त्याची माती झालेली होती, आणि ती त्या तिमाहीच्या बाकी मातीतून वेगळी काढण्याची रीत कुठल्याही नियमात नव्हती. तेव्हा तो पूर्ण ढीग, वजन दोनशे दहा टन, हीच सिंधू काथवटे यांची मापं होत आणि ती त्यांच्या मूळ पत्त्यावर पोचवण्यात यावीत. वाहतुकीसाठी शुक्रवारच्या फेरीतली घरं वापरावीत, कारण परतताना ती रिकामी असतात. प्रत्येक घराने एकशे अठ्ठावीस किलो घ्यावं. जेसीबीची दहाची वेळ घराऐवजी ढीग भरून देण्यासाठी वापरावी.

वैराळेसाहेबांनी आदेश दोनदा वाचला आणि घरांना एवढं वजन झेपेल का, असं विचारलं. झेपेल, असं तज्ज्ञाने कळवलं, दिवाळीच्या फराळाचे डबे आणि पाहुणे धरून ती याहून जास्त वाहतात.

हेमलताबाईंनी जबाबाची प्रत डेपोवर नेऊन सिंधूताईंच्या हातात दिली. मुरलीधरराव बाहेरच थांबले. सिंधूताईंनी चष्मा लावला, जबाब वाचला, पुन्हा वरपासून वाचला. हे तो स्वतः बोलला की तुम्ही सुचवलंत, एवढंच त्यांनी विचारलं. स्वतः बोलले, उभ्याने बोलले, असं हेमलताबाईंनी सांगितलं. सिंधूताईंनी कागदाची घडी घातली आणि ती तांदळाच्या डब्यात ठेवली. मग आदेश वाचायला घेतला. तो वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त दोनशे दहा टनाशी आल्यावर त्यांनी खिडकीतून ढिगाकडे पाहिलं आणि बरोबर आहे अशी मान हलवली.

शुक्रवारी घरं नेहमीप्रमाणे आली. कचरा टाकून झाल्यावर पूर्वेकडे वळायचं, अशी सूचना फाटकावर लावलेली होती. लोकांनी कुरकुर केली. ओसरीवर माती घेणार नाही, नुकतीच फरशी बसवली आहे, असं कुणी म्हणालं. हेमलताबाईंनी प्रत्येकाला आदेशाचं दुसरं पान दाखवलं. पण ही माती कसली ते रांगेत पुढून मागे कळत गेलं, तशी कुरकुर कमी झाली. चाळिशीपुढच्या बायका दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. एकीने सांगितलं, की तिच्या लग्नातल्या ब्लाउजचं माप यात आहे, तेव्हा जरा जपून टाका. दुसरीने आपल्या सासूचंही असेल म्हणून अंदाज केला. बसस्टँडमागच्या बैठ्या घरातली एक बाई दोन वाटे घेऊन गेली. आपल्या तिघी बहिणी यात आहेत आणि दोघी आता गावात नाहीत, असं ती म्हणाली. वहीत तसा रकाना नव्हता, म्हणून हेमलताबाईंनी समासात लिहिलं.

त्यांचं स्वतःचं घरही रांगेत होतं. त्यांच्या नवऱ्याने ओसरीवर जुनं पोतं अंथरून माती घेतली आणि मोजून एकशे अठ्ठावीस भरलीय असं ओरडून सांगितलं.

दुपारी दोनपर्यंत एक हजार सहाशे एकोणचाळीस घरं कासार आळीतून गेली. प्रत्येकाने त्या ओलसर चौकोनावर आपापला वाटा रिकामा केला. ढीग दोन पुरुष उंच झाला, आणि माथ्यावर बराच सपाट. मग डेपोवर सिंधूताई दारात उभ्या राहिल्या आणि ‘चला’ म्हणाल्या. मागच्या खोलीतून मुरलीधररावही म्हणाले. घर उठलं.

ते तीन वाजता आळीत पोचलं. त्याची जागा आता मातीखाली होती. आदेशात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पण घर क्षणभर थांबलं, मग ढिगावर चढलं, माथ्यावर थोडं इकडेतिकडे सरकलं आणि बसलं. आळीतलं ते सगळ्यात उंच घर झालं. नळाला लांब पाइप जोडावा लागला. पोस्टमनने ती चढण पाहिली आणि पत्रं खालीच देणार असं सांगितलं. हेमलताबाईंना पर्समधली ती दोन पत्रं आठवली. त्यांनी ती त्याच्याच हाती दिली आणि वहीत चार-एकशे सतरासमोर ‘परत’ असं लिहिलं. सोमवारी त्यांनी तज्ज्ञाला त्या मातीबद्दल विचारून घेतलं. ती कचरा नाही, धारकाच्या उपयोगात आहे, असं उत्तर आलं. पुढच्या मंगळवारी घर ढिगावरून उतरलं, डेपोवर जाऊन आलं आणि पुन्हा चढून बसलं.

बुधवारी हेमलताबाई चौकशीला गेल्या तेव्हा मुरलीधरराव फावड्याने ढिगात पायऱ्या पाडत होते. सकाळी सहा पन्नासपासून, असं त्यांनी सांगितलं. खालून नऊ पायऱ्या झाल्या होत्या, प्रत्येक एकाच उंचीची. ते दहावीवर होते. वर घरातून मशीनला तेल घातल्याचा वास येत होता. सिंधूताई बाहेर आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहून त्यांनी खाली पाहिलं. गळ्यात टेप होती.

“दादा, वरची पायरी रुंद ठेव,” त्या म्हणाल्या. “बायका मापं द्यायला येतील.”

मुरलीधररावांनी वर पाहिलं नाही. घड्याळ मात्र पाहिलं. मग त्यांनी फावडं वीतभर मागे घेतलं आणि पायरी रुंद कापायला लागले.